गोचीड आणि चिगर: गवतातून परतल्यावर नेमकं काय शोधायचं

सिलारीला, खिंडसीच्या काठाला किंवा उमरेडकडच्या एखाद्या वाडीत तंबू ठोकायचा बेत ठरला की घरातलं कुणीतरी मोबाइलवर किड्यांपासून बचावाचे उपाय शोधतं. समोर येतो तो बहुतेक गोचिडाने पसरणाऱ्या लाइम आजाराबद्दलचा सल्ला. अंगावर गोचीड शोधा, दिसला की लगेच काढा, त्वचेवर लाल कडं उमटतंय का बघा. सल्ला चुकीचा नाही, पण तो लिहिलाय अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या आणि युरोपातल्या जंगलांसाठी. नागपूरच्या आसपासच्या गवतात माणसाला जास्त धोका आहे तो स्क्रब टायफस या तापाच्या आजाराचा, आणि हा आजार पसरवणारा चिगर नावाचा अगदी बारीक जीव अंगावर शोधून सापडत नाही. गोचीड दिसला नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, दहा-बारा दिवसांनी ताप भरतो, आणि त्या तापाचा तंबूतल्या रात्रीशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. जीव जातात ते या गफलतीत.

गोचीड आपल्याकडे कुणाला ओळखून द्यावा लागत नाही. पोळ्याच्या आधी बैल धुताना कानामागे, शेपटीखाली, मांड्यांच्या बेचक्यात तो चिकटलेला असतो. मोहल्ल्यातल्या कुत्र्यांच्या कानात तर बाराही महिने. पण गोचिडाच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येक जात वेगळा आजार वाहते. लाइमचे जंतू वाहणारे गोचीड ‘इक्झोडीस’ गटातले. त्यांना थंड, ओलसर, पालापाचोळ्याचं जंगल लागतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. तिथे 1970च्या दशकाच्या मध्यावर बऱ्याच मुलांचे सांधे एकाएकी सुजू लागले, त्या शोधातून हा आजार वेगळा ओळखला गेला. त्याचा जंतू विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडाच्या पोटात सापडला आणि 1982 साली जगापुढे आला. जंतूला नावही त्यांचंच मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी. भारतात लाइमच्या नोंदी तुरळक आहेत. आपल्या सपाटीवरच्या गुरांवर आणि कुत्र्यांवर जे गोचीड दिसतात, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस आणि हायलोमा, ते लाइम पसरवणारे नव्हेत.

चिगरची गोष्ट वेगळी आहे. गोचिडाचा हा दूरचा नातेवाईक म्हणजे माइट या कोळ्याच्या कुळातल्या बारीक जीवाची अळी. लांबी साधारण 0.2 मिलिमीटर, रंग फिकट लालसर-नारिंगी, पाय सहा. मोठा झालेला माइट मातीत राहतो, किड्यांची अंडी खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. चावते ती फक्त अळी, आणि तीही आयुष्यात एकदाच. ती गवताच्या पात्यावर चढून बसते आणि उंदीर, घूस किंवा माणसाचा पाय लागला की अंगावर येते. ती रक्त पीत नाही. त्वचेत लाळ सोडते, तिथल्या पेशी विरघळवते आणि तो द्रव ओढून घेते. या लाळेतून स्क्रब टायफसचा जंतू, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, आपल्या शरीरात येतो. चावल्याचं बहुतेकांना कळतही नाही.

आणखी एक फरक आहे, तंबूची जागा निवडताना उपयोगी पडणारा. लाइमचा गोचीड जंतू घेऊन जन्मत नाही. आधी एखाद्या बाधित उंदराला चावल्यावर तो जंतू त्याच्यात येतो. चिगरला मात्र जंतू आईकडूनच, अंड्यातून मिळतो. त्यामुळे उंदीर, ओल आणि झुडपं जिथे एकत्र आहेत अशा एखाद्या तुकड्यात बाधित माइट पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात, आणि पन्नास पावलांवरची जागा मात्र साफ असू शकते. वावराचा धुरा, नाल्याचा काठ, जंगल आणि शेत यांच्या मधला झुडपी पट्टा, पडीत जागेत वाढलेलं कंबरभर गवत, हे तुकडे असे. आपल्याला नेमक्या अशाच जागा रम्य वाटतात, कारण तिथे सावली आणि पाणी असतं.

जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि पश्चिमेला पाकिस्तानापर्यंत पसरलेल्या मोठ्या पट्ट्यात स्क्रब टायफस आहे. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्याने सैनिकांचे फार हाल केले. तरी विदर्भात सामान्य माणसाच्या कानावर हे नाव खऱ्या अर्थाने पडलं ते 2018च्या पावसाळ्यात. त्या वर्षी नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण मेडिकल-मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत येऊ लागले आणि काही जण दगावलेही. हा आजार दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्याचा जोर, आणि नोव्हेंबरपर्यंत शेपूट. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये जंगलाची दारं उघडतात आणि आपली गर्दी सुरू होते, तेव्हा गवत सर्वांत उंच असतं. हा काळ मला सगळ्यात जोखमीचा वाटतो.

आता त्वचेवरच्या खुणेकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. लाइममध्ये गोचीड चावल्यावर 3 ते 30 दिवसांत त्या जागी लाल चट्टा उठतो आणि तो दिवसागणिक पसरत जातो, 5 सेंटिमीटरच्या पुढे, कधी वीतभर. मधला भाग फिका पडला तर कडं दिसतं, पण अनेकांत नुसताच लाल चट्टा असतो. तो सहसा दुखत नाही. चावल्यावर दिवसाभरात उठलेला आणि दोन दिवसांत विरलेला छोटा फोड म्हणजे लाइम नव्हे. तो साधा चावा.

स्क्रब टायफसची खूण पसरत नाही. चाव्याच्या जागी आधी एक पुटकुळी येते, ती फुटते आणि तिथे काळी खपली धरते. भोवती लालसर कड. डॉक्टर तिची तुलना सिगारेटच्या चटक्याशी करतात, आणि ती खरोखर तशीच दिसते. आकार साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून तिच्याकडे लक्षच जात नाही. बरं, ती येते कुठे? चिगर कपड्याखाली सरकत सरकत मऊ, झाकलेल्या, घट्ट जागी जाऊन थांबतो. काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरेच्या नाडीखाली, नितंबांवर, गुडघ्यामागे, अंडकोशावर. गर्दीच्या ओपीडीत या जागा कुणी तपासत नाही आणि रुग्णही दाखवत नाही. बाया तर नाहीच दाखवत. माझं कळकळीचं सांगणं आहे की ताप आलेल्या माणसाचं अंग घरच्यांनी स्वतः, उजेडात, नीट बघावं. सासूबाईंचं सुनेने, बायकोचं नवऱ्याने, मुलांचं आईने. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर किंवा नर्सकडे तपासून घ्यावं. ती एक काळी खपली सापडली तर दहा चाचण्यांचं काम होतं. मात्र ती सापडली नाही म्हणून स्क्रब टायफस नाही असं ठरवता येत नाही, कारण बऱ्याच रुग्णांत ती नसतेच.

ताप चावल्यानंतर 6 ते 21 दिवसांनी येतो. थंडी वाजून जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, कधी काखेत-जांघेत गाठी, खोकला, उलट्या. ही सगळी लक्षणं डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडचीही असतात, आणि आपल्याकडे या सगळ्यांचा हंगाम एकच. उपचार लांबले तर दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसं, मूत्रपिंडं, यकृत, मेंदू यांवर परिणाम होतो. लाइमची चाल याहून संथ असते. त्यात सांधे, चेहऱ्याची नस, हृदयाचे ठोके यांचे त्रास काही आठवड्यांनी-महिन्यांनी दिसतात. म्हणून लाइमच्या सल्ल्यात ‘लक्ष ठेवा’ हे शब्द वारंवार येतात. स्क्रब टायफसमध्ये नुसतं लक्ष ठेवायला वेळ नसतो.

औषधांतही एक कळीचा फरक आहे. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त, जुनं औषध दोन्ही आजारांवर चालतं. पण लाइमवर अमॉक्सिसिलिन आणि सेफ्ट्रायॅक्झोनही चालतात, स्क्रब टायफसवर ती निरुपयोगी ठरतात. पावसाळी तापाला टायफॉइड समजून सेफ्ट्रायॅक्झोनची इंजेक्शनं चालू राहतात, ताप हटत नाही आणि मोलाचे चार-पाच दिवस हातचे जातात. योग्य औषध सुरू झालं तर स्क्रब टायफसचा ताप बहुधा 48 तासांत उतरतो. गर्भवतींना ॲझिथ्रोमायसिन देतात. आयजीएम एलायझा ही रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, आणि जुनी वाइल-फेलिक्स चाचणी तर फारच ढोबळ. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की संशय पक्का असेल तर निकालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. हे काम डॉक्टरांचं; गोळ्या मनाने घेऊ नका. आपलं काम एवढंच की दवाखान्यात बसल्याबरोबर सांगायचं: ‘डॉक्टर, बारा दिवसांआधी आम्ही खिंडसीला गवतात मुक्काम केला होता.’ हे वाक्य ऐकलं की डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलते.

बचावाचे बरेच उपाय दोघांना सामायिक आहेत. पूर्ण बाह्या, लांब पँट, पायमोजे, आणि पँटचं टोक मोज्यात खोचलेलं. दिसायला बावळट दिसतं, तरी सगळ्यात उपयोगी उपाय हाच. उघड्या त्वचेवर 20 ते 30 टक्के डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम किंवा स्प्रे. लेबल वाचून घ्या, कारण डासांसाठीच्या बऱ्याच क्रीममध्ये प्रमाण कमी असतं आणि ती लवकर उतरतात. घोट्याला आणि मोज्याच्या कडेला विसरू नका. कपड्यांसाठी 0.5 टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा खास स्प्रे असतो. तो मिळाला तर कपड्यांवर, बुटांवर, तंबूच्या तळाला मारून वाळू द्यावा. त्वचेवर नाही, आणि घरात मांजर असेल तर ओला असताना तिच्यापासून दूर. पण तो मिळत नाही म्हणून शेतातल्या फवारणीचं औषध पाण्यात कालवून कपडे बुडवायचे, हा उद्योग कुणीही करू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, ते आपण विसरू शकत नाही.

तंबू गवत कापलेल्या, उन्हाच्या, कोरड्या जागी लावा. खाली जाड ताडपत्री, वर चटई, आणि झोपायला उंच घडीची खाट मिळाली तर फारच उत्तम. थेट गवतावर लोळणं, ओले कपडे झुडपावर वाळत घालणं, झाडाआड उघड्या गवतात बसणं, ही तिन्ही चिगरला आयती आमंत्रणं. खरकटं आणि धान्य झाकून ठेवा, कारण उंदीर येतात तिथे माइट येतात.

परतल्यावरची कामं मात्र दोघांसाठी वेगळी. गोचीड डोळ्यांना दिसतो, म्हणून शोधायचा. केसांत, कानामागे, बेंबीत, काखेत, जांघेत. लाइमच्या भागात तो साधारण एक दिवस, बहुधा दीड-दोन दिवस चिकटून राहिला तरच जंतू देतो, त्यामुळे शोधण्याला तिथे फार किंमत. चिगर दिसणार नाही, म्हणून त्याला धुवूनच काढायचं. घरी पोचल्याबरोबर, चहाच्याही आधी, साबण लावून खसाखसा घासून अंघोळ, आणि घातलेले कपडे पलंगावर न टाकता थेट गरम पाण्यात. तो जागा शोधत फिरत असतो तोवर साबणाने निघून जाण्याची शक्यता चांगली. त्या अंगाने रात्रभर झोपलात तर ही संधी गेली.

गोचीड सापडलाच तर? नागपुरातला असेल तर लाइमची धास्ती नको, पण तो निरुपद्रवीही नाही. कुत्र्याचा गोचीड टिक टायफस देऊ शकतो. त्यात तापाबरोबर पुरळ येतं आणि ते तळहात-तळपायांवरही उमटतं. अकोल्याकडच्या मुलांमध्ये हा आजार डॉक्टरांनी नोंदवलेला आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला गोचिडाने येणारा माकडताप आहे, तेव्हा तिकडच्या जंगलात मुक्काम असेल तर सावधगिरी आणखी वाढवा. काढण्याची पद्धत सगळीकडे एकच. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडायचा, सरळ वर सावकाश ओढायचा, न पिळता, न चिरडता. मग जागा साबणाने धुवायची. रॉकेल, चुना, तंबाखू, उदबत्तीचा चटका यांनी तो सुटण्याऐवजी लाळ आणखी सोडण्याचा धोका असतो.

एका घरात मात्र सगळा हिशेब उलटा धरावा लागतो, आणि नागपुरात अशी घरं आता थोडी नाहीत. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, बोस्टनकडे राहते, आणि आई-बाबा मे ते जुलै तिकडे राहून परत येतात. लाइमचा छोटा गोचीड सर्वांत जास्त चावतो तो याच महिन्यांत, आणि मागच्या अंगणातल्या झाडांखालीही चावतो. परतल्यावर बाबांच्या पाठीवर पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, किंवा आईचा गुडघा एकाएकी सुजला, तर इथले डॉक्टर आधी गजकर्ण किंवा संधिवाताचा विचार करणार, कारण लाइम त्यांना रोज दिसत नाही. त्यांना सांगा की आम्ही अमेरिकेत होतो, कुठल्या राज्यात होतो आणि कधी परतलो.