पहाटे 3.56 ची रंगीत तालीम

सोलापुरात भूकंपाचं मॉक ड्रिल म्हटलं की बहुतेक वेळा शाळा आणि भर दिवसाची वेळ. लांब घंटा वाजते, पोरं बेंचाखाली शिरतात, एखादी डबा घ्यायला मागं फिरते आणि बाईंची बोलणी खाते. मग ओळीनं सगळे मैदानात. चांगलंच आहे. पण किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 ला, पहाटे 3.56 वाजता. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलेली माणसं गाढ झोपली होती.

किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे 80 किलोमीटर. भूकंपात आधी पोचतात त्या प्राथमिक लहरी, सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावणाऱ्या. जास्त हादरवणाऱ्या दुय्यम लहरी साडेतीनच्या वेगानं मागून येतात. म्हणजे तिथून निघालेली पहिली लहर सोलापूरला 13 सेकंदांत, दुसरी 23 सेकंदांत. मधले 10 सेकंद आपले. खुद्द किल्लारीत, भूकंपाचं केंद्र दहा-बारा किलोमीटर खाली असताना, हाच अवधी सेकंद-दीड सेकंदाचा. आणि सोलापूरच्या पूर्व भागात घरातच यंत्रमाग खडखडत असेल, तर पहिली थरथर कुणाला कळेल?

म्हणून मला घंटेपेक्षा भिंतीची काळजी जास्त. 6.2 तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे 10 हजार माणसं गेली, ती मुख्यतः माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांत. तिथली जाडजूड दगडी भिंत खरं तर एक नसते, दोन असतात: आतलं तोंड, बाहेरचं तोंड, मधे चिखल आणि चिपा. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे लांब दगड नसले की हादऱ्यात भिंत मधोमध उकलते. वर माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर! 45 सेंटीमीटर माती झाली की चौरस मीटरला पाऊण टन; दहा बाय बाराच्या खोलीवर आठ टनांहून जास्त. वजन जितकं जास्त, तितका आडवा जोरही जास्त.

उपाय आहेत. वरची माती कमी करून गळतीसाठी प्लॅस्टिकचा कागद घालायचा. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून, वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. हे माहितगार अभियंत्याला विचारूनच. हे सोलापुरातही हवं: भूकंपाच्या धोक्याच्या 2002 च्या सुधारित नकाशात सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे.

‘खाली बसा, आडोसा घ्या, घट्ट धरा’ हा नियम काँक्रीटच्या इमारतीत लागू पडतो. तिथं रात्री पलंगावर असाल तर पालथं व्हायचं, उशी डोक्यावर घ्यायची, जिन्याकडं पळायचं नाही. माळवदात पलंगाखाली शिरून काय मिळणार? तळमजला असेल आणि दार दोन पावलांवर असेल, तर अंगण गाठलेलं बरं.

आम्ही घरी एकदा दिवे घालवून ही तालीम केली. टॉर्च सापडला नाही. चपला दाराबाहेर, आणि फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालायचं कसं? मग आजी अंथरुणातूनच म्हणाली, “माझं काय करायचं ते करा, पण आधी ही डोक्यावरची ट्रंक उतरवा.” लोखंडी ट्रंक, आत पितळी भांडी, गेली कित्येक वर्षं तिच्या उशाच्या बरोबर वर फळीवर. उतरवायला दोघं लागले.