जनुक एकच, बिघाड दोन

२०१४ साली अमेरिकेतून एका चाचणीचा निकाल आला. मेंदूतली मंद वाढणारी गाठ उपचारांनंतरही पुन्हा वाढू लागलेल्या ११ मुलांना सोराफेनिब हे औषध दिलं होतं. गाठ आकसेल अशी आशा होती; ९ मुलांमध्ये ती वाढली, तीही झपाट्यानं. चाचणी थांबवावी लागली. पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारी जी साखळी औषधानं तोडायची, तीच त्यानं जागी केली होती.

या साखळीतलं एक प्रथिन म्हणजे बीरॅफ. मुलांच्या मेंदूतल्या अशा मंद गाठींमध्ये, म्हणजे मंद ग्लायोमांमध्ये, बहुतेकदा त्याच्याच जनुकात बिघाड सापडतो, पण तो एका तऱ्हेचा नसतो. काहींत ६००व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदलतं आणि प्रथिन एकटंच हुकूम सोडत राहतं. अधिक मुलांत या जनुकाचा तुकडा शेजारच्या जनुकाला चिकटतो, लगाम घालणारा भाग गळून पडतो आणि प्रथिनं जोडीनं काम करतात. पहिल्या बिघाडावरची जुनी औषधं इथं दिली, तर जोडीतल्या एकाला धरताना दुसऱ्याला चेतवतात. म्हणून 'बीरॅफ पॉझिटिव्ह' एवढं कळून भागत नाही; बिघाड नेमका कोणता, ते रिपोर्टमध्ये हवंच.

तोवोराफेनिब हे नवं औषध जोडीलाही रोखतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेनं ते ६ महिन्यांपुढच्या मुलांसाठी, गाठ परतल्यावर किंवा उपचारांना न जुमानल्यावर वापरायला मंजूर केलं. चाचणीतल्या ७६ पैकी ५१ टक्के मुलांची गाठ निदान पाव हिश्शानं आकसली. औषध आठवड्यातून एकदा, तोंडावाटे. केसांचा रंग फिका पडतो, ते आईवडील सोसतात. उंचीची वाढ मंदावते, त्याची मात्र मला काळजी वाटते.

सगळ्यांच्या वाट्याला असं औषध येत नाही. कॅन्सर परतलेल्या मुलांची जनुकं तपासणाऱ्या जर्मनीतल्या 'इन्फॉर्म' प्रकल्पाच्या अहवालात ५१९ मुलांपैकी जेमतेम ८ टक्क्यांत औषधाला अगदी भक्कम लक्ष्य, म्हणजे नेम धरता येईल असा जनुकातला बिघाड, सापडलं. लक्ष्यानुसार औषध मिळालेल्या अशा मुलांचा आजार साधारण २०४ दिवस आटोक्यात राहिला, इतरांचा ११७.

ही तपासणी गाठीच्या तुकड्यावर होते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तो मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो. हॉस्पिटल बदलताना फाईल आणि एमआरआयच्या सीडीबरोबर तो ब्लॉकही मागून घ्या.