जिनांना भविष्य कळतं का?

‘ज्याला जिन वश, त्याला उद्याचं सगळं कळतं.’ हा मेसेज पुण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी घाबरलेली माणसं जिन वश असल्याचं सांगणाऱ्यांना पैसे मोजतात, म्हणून हा खुलासा.

इस्लामी श्रद्धेत जिन आहेत हे खरं. अग्नीपासून घडवलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव, माणसांसारखेच काही चांगले, काही वाईट. पण गैब, म्हणजे जे दृष्टीआड आहे ते, फक्त अल्लाहच जाणतो, असं कुराण (अध्याय २७, ओळ ६५) स्पष्ट सांगतं.

सगळ्यात बोलका दाखला कुराणातल्या पैगंबर आणि राजा सुलेमानांचा. त्यांच्या हुकमाखाली जिन राबत. काठीला टेकलेले असतानाच त्यांना मृत्यू आला, तरी जिन कामाला जुंपलेलेच! वाळवीने काठी पोखरली, देह कोसळला, तेव्हा कुठे जिनांना उमगलं. गैब कळत असतं तर ती राबणूक त्यांनी सोसलीच नसती, असं कुराणात तिथेच म्हटलंय (३४:१४).

हे पडताळायला अरबी यावी लागत नाही. कोंढव्यातल्या आमच्या शेजारच्या चाचींनी मराठी भाषांतर उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं, मी वाचलं. मग त्यांनीच ७२वा अध्याय काढला. तिथे जिन स्वतःच म्हणतात, पृथ्वीवरच्यांचं वाईट होणार की भलं, हे आम्हाला ठाऊक नाही.