परदेशी पैसा एका दिवसात निघून जातो का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र उघडले आणि ‘परदेशी गुंतवणूकदारांनी कोट्यवधी रुपये काढून घेतले’ असा मथळा दिसला, की कोणीतरी म्हणतेच, ‘बघा काका, आता आपल्या शेजारच्या हालोलचे कारखानेही उठणार.’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे, कारण त्या मथळ्यातील पैसा बहुधा शेअर बाजारातला असतो. आपल्याकडील नियमांनुसार बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीत परदेशी गुंतवणूकदाराचा वाटा 10 टक्के किंवा अधिक असेल तर ती थेट गुंतवणूक, त्याहून कमी असेल तर पोर्टफोलिओ गुंतवणूक. दुसरी क्षणात विकता येते, पहिली मात्र जमीन, यंत्रे आणि पुरवठादारांत रुतलेली असते.

हालोलचेच पाहा. जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीने 2017 मध्ये तेथील उत्पादन थांबवले, तेव्हा कारखाना काही जहाजात घालून अमेरिकेला नेता आला नाही. तो चीनच्या सैक कंपनीने घेतला आणि 2019 मध्ये तेथून एमजी हेक्टर ही मोटार बाहेर पडू लागली. वडोदऱ्याजवळच्याच सावलीचा रेल्वे डब्यांचा कारखाना, जेथे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या गाड्याही बांधल्या गेल्या, 2021 मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीकडून फ्रान्सच्या आल्स्टॉमकडे गेला, पण राहिला सावलीतच.

अर्थात, कारखाना राहिला म्हणजे प्रत्येक कामगाराची नोकरी राहिली असे नव्हे, आणि नफा व रॉयल्टी (तंत्रज्ञान किंवा नाव वापरण्याचे शुल्क) देशाबाहेर जातच असतात. शिवाय परदेशी कंपनीने इथली चालू कंपनी विकत घेतली तरी थेट गुंतवणुकीचा आकडा फुगतो, नवी वीटही न रचता.