कागदावरचे पीपीएम, पोटातले मायक्रोग्रॅम

औषधात शिसं, पारा, आर्सेनिक आहे का, हे बघायची अमेरिकन फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथातली) पद्धत कित्येक दशकं साधीच होती. नमुना भट्टीत जाळायचा, राख आम्लात विरघळवायची, त्यात सल्फाइड घालायचं आणि आलेला काळपट रंग शिशाच्या प्रमाणित द्रावणाशेजारी धरून नुसत्या डोळ्यांनी ताडायचा. गंमत अशी, की जाळतानाच पारा वाफ होऊन उडून जायचा! 1 जानेवारी 2018 पासून ही चाचणी तिथे मोडीत निघाली.

आता नमुना नायट्रिक आम्लासह बंद भांड्यात तापवतात, म्हणजे पारा निसटत नाही. मग येतं आयसीपी-एमएस हे यंत्र. आर्गॉनच्या, हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात द्रावण फवारलं की अणूंचे आयन होतात आणि वस्तुमानानुसार मोजले जातात. अब्जात एक भाग शिसंही त्याच्या नजरेतून सुटत नाही. तरी तेही फसतं. नमुन्यात क्लोरीन असेल तर आर्गॉन (40) आणि क्लोरीन (35) यांची जोडी जमते. बेरीज 75, नेमकं आर्सेनिकचं वस्तुमान. म्हणून वाटेत हेलियम भरलेला कक्ष असतो. आकाराने मोठी ही जोडी हेलियमवर जास्त वेळा आपटते, ऊर्जा गमावते आणि मागेच अडवली जाते.

आकडा अचूक आला, पण त्याचा अर्थ मात्रेवर ठरतो. आपल्याकडे वनौषधींसाठी शिशाची मर्यादा 10 पीपीएम आहे, म्हणजे ग्रॅममागे 10 मायक्रोग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या एका गोळीतून फार तर 5 मायक्रोग्रॅम जातील. चूर्ण मात्र 3-3 ग्रॅम दोनदा घेतलं, तर 60 पर्यंत! आधुनिक औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषात तोंडावाटे रोजची मर्यादा 5 मायक्रोग्रॅम आहे. तो निकष वनौषधींना लागू नाही, हे खरं. पण शरीराला शिसं कुठून आलं याच्याशी काय देणंघेणं?

भस्मं आणि रसौषधी यांचा मामला आणखी वेगळा, कारण तिथे धातू मुद्दाम घातलेला असतो. रससिंदूरातला पारा गंधकाशी बांधलेला, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा असतो. त्यामुळे एकूण पाऱ्याचा आकडा पाहून घाबरणं जितकं घाईचं, तितकंच भस्म पाण्यावर तरंगलं म्हणून निर्धास्त होणंही. वारितर (पाण्यावर तरंगणं), रेखापूर्ण (बोटांच्या रेषांत शिरणं) या जुन्या परीक्षा कण किती बारीक आहेत ते सांगतात; आतड्यातून किती शोषलं जाईल, हे नाही. त्यासाठी धातू कोणत्या संयुगात आहे, हे तपासावं लागतं. शिशाला मात्र मी एवढीही सवलत देणार नाही. त्याची बरीच संयुगं जठरातल्या आम्लात विरघळतात, आणि शोषलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं.