कडक भाकरी आणि तुटलेला एक्सल

सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या एका गॅरेजात मित्राची जीप घोडीवर चढवलेली होती आणि तिच्या मागच्या डाव्या चाकाचा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, दोन तुकडे होऊन बाकड्यावर पडला होता. चार महिन्यांपूर्वी त्याने 31 इंची टायर काढून 35 इंची बसवले. गाडी रुबाबदार दिसायला लागली, यात वाद नाही. मग सीना नदीच्या काठी पावसानंतरच्या काळ्या रानात ती रुतली आणि बाहेर निघता निघता ‘खाट्’ आवाज आला. मित्राचं म्हणणं, चिखलाने घात केला. उस्तादांनी मान हलवली. “चिखलात एक्सल तुटत नसतोय, मालक. चिखलातनं भायेर पडताना तुटतोय.”

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. एक्सलवर पीळ किती पडतो, हे इंजिनापेक्षा जमीन ठरवते. ओल्या काळ्या मातीत चाक नुसतं गरगरतं; जमीन अडवतच नाही, म्हणून एक्सलही निवांत असतो. पण तेच गरगरणारं जड चाक एकदम मुरमावर किंवा दगडाच्या खाचेत येऊन थबकलं, की टायरची फिरण्याची सगळी ताकद आणि मागून रेटणारं इंजिन, दोघांच्या मध्ये एकटा एक्सल सापडतो.

आकडे घालून बघू. गाडीच्या एका चाकावर 500 किलो भार आहे आणि कोरड्या जमिनीवर पकड 0.8 आहे, असं धरा. म्हणजे टायर घसरण्याआधी जमीन त्याला जास्तीत जास्त 400 किलोच्या जोराने धरते. हा जोर चाकाच्या मध्यापासून त्रिज्येइतक्या अंतरावर लागतो. 31 इंची टायरची त्रिज्या साधारण 39 सेंटीमीटर, म्हणून पीळ 156 किलोग्रॅम-मीटर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दीड क्विंटलचं पोतं लटकवल्यासारखं. 35 इंचीला त्रिज्या साडेचव्वेचाळीस, पीळ 178. टायर म्हणजे एक्सल पिळायचा पानाच. आपण तो फक्त लांब केला.

हे सपाटीवर. ओढ्याच्या काठावर गाडी तिरकी होते, एक चाक हवेत जातं, दुसऱ्यावर दुप्पट भार येतो. पीळ साडेतीनशेच्या पुढे. आणि इंजिनाकडे देण्यासारखं किती आहे? समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ, 30 किलोग्रॅम-मीटर, पहिला गिअर 4 पट, लो रेंज (जास्त जोराचा जादा गिअर) अडीच पट, क्राऊन-पिनियन (एक्सलच्या आधीची शेवटची दातेरी जोडी) 4 पट. गुणाकार 1200. एरवी टायर घसरतो म्हणून एवढं कधी एक्सलपर्यंत पोचत नाही. चाक दगडात अडकलं आणि डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी रचना) लॉक केलेलं असलं, तर मात्र घसरायची सोय उरत नाही.

मग जाड एक्सल घ्यावा, हे ओघानेच आलं. इथे गणित आपल्या बाजूचं आहे, कारण गोल दांड्याची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 30 ऐवजी 35 मिलिमीटर घेतला तर व्यास सतरा टक्क्यांनीही वाढत नाही, ताकद मात्र जवळजवळ 59 टक्क्यांनी. कारण पीळ सगळा पृष्ठभागाकडे सोसला जातो. अगदी मधोमध ताण शून्य. निम्म्या व्यासाचं भोक आरपार पाडलं तर वजन पाव भागाने घटतं, ताकद फक्त सोळावा हिस्सा जाते.

पण जाडी हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा सोलापूरकरांना जेवणाच्या पानात समजतो. कडक भाकरी वाकवायला गेलात तर काडकन मोडते. ताजी भाकरी घडी घातली तरी तुटत नाही, पण तिला ताठपणा नाही. एक्सलला दोन्ही हवं: वरची साल कडक, आतला गाभा ताज्या भाकरीसारखा. म्हणून दांडा विजेच्या वेटोळ्यात धरून वरचे काही मिलिमीटरच लालबुंद करतात आणि लगेच विझवतात. याला इंडक्शन हार्डनिंग म्हणतात. आपल्या गावच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये बनणाऱ्या चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमशाफ्टचीही साल कडकच असते. ओतीव लोखंड साच्यात चटकन गार करून ती मिळवतात. फरक हा, की कॅमशाफ्टला मुख्यतः झीज सोसायची आहे, एक्सलला हिसका. म्हणून एक्सलला ओतीव लोखंड चालत नाही. लेथवाल्याला विचारलंत तर तो ‘ईएन 8’ आणि ‘ईएन 24’ अशी नावं घेईल. पहिलं साधं कार्बन पोलाद. दुसऱ्यात निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं, ते जाड दांड्यातही खोलवर कडक करता येतं आणि चिवटही राहतं. कोणी फक्त ‘क्रोमोली आहे’ (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) एवढंच सांगून पैसे मागितले, तर पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून गार कसं केलंय, ते विचारा. चुकीचं पाणी दिलेलं महागडं पोलाद कडक भाकरीसारखंच वागतं.

तुटलेल्या तोंडावर बोट फिरवलं तर एका कडेला गुळगुळीत, शिंपल्यासारख्या रेघा होत्या. उरलेला भाग खरखरीत. म्हणजे तडा बरेच दिवस सरकत होता. सीनाकाठी फक्त शेवटचा घाव पडला. हा थकवा माणसाला रेल्वेने शिकवला. 1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि कित्येक माणसं मेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेचे आस यंत्रावर वर्षानुवर्षं फिरवून दाखवलं, की एका झटक्यात तुटायला लागतो त्याहून कितीतरी कमी ताणही पुन्हा पुन्हा आला की पोलाद तोडतो. 1860 मध्ये सोलापूरला रेल्वे आली, तेव्हा हे प्रयोग चालूच होते.

तडा सुरू होतो तो बहुधा स्प्लाइनच्या, म्हणजे टोकाच्या दात्यांच्या मुळाशी. त्यामुळे चांगल्या एक्सलचा मधला भाग मुद्दाम दात्यांच्या मुळाएवढाच किंवा किंचित बारीक ठेवतात. पीळ सगळ्या लांबीत वाटला जातो, दांडा स्प्रिंगसारखा थोडा वळून परत येतो. दिसायला मधेच जाडजूड दांडा भारी वाटतो, पण तो सगळा हिसका दात्यांवर ढकलतो.

बैलगाडीचा आस आठवा. तो फिरत नाही, फक्त वजन पेलतो. जीपच्या मागच्या एक्सलला बहुधा वजनही पेलावं लागतं आणि पीळही सोसावा लागतो. ट्रकच्या फुल फ्लोटिंग रचनेत वजन हाऊसिंगवरची, म्हणजे दांड्याभोवतीच्या नळीवरची, बेअरिंग घेतात आणि दांड्याकडे फक्त पीळ राहतो. तो तुटला तरी चाक जागेवर असतं. मोठे टायर घालून घाटात जाणाऱ्यासाठी, माझ्या मते, पाच मिलिमीटर जाडीपेक्षा ही रचना मोलाची, पण खर्चिक. शिवाय मूळ गाडीत असे बदल करताना 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

मित्राने सगळ्यात दणकट एक्सल मागितला. उस्ताद म्हणाले, “मग क्राऊन-पिनियन तुटंल. एक्सल आपण इथं बसून तासाभरात बदलतो. क्राऊन गेला तर आठ दिवस गाडी इथंच.” साखळीत कुठली तरी कडी आधी तुटणारच, ती स्वस्त आणि हाताशी असलेली बरी. म्हणून एक पायरी वरचा घ्यायचं ठरलं, तेही एकाच बाजूचा.

तेवढ्यात पोराने उजवीकडचा न तुटलेला एक्सल ओढून काढला आणि रॉकेलने पुसला. त्याचे दाते सरळ नव्हते. दोरीसारखा पीळ पडला होता.