मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची गर्भधारणा आणि औषधबदल (कोकण)

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या स्त्रीने ठरवून, औषधे आधी बदलून आणि नवे मूत्रपिंड नीट स्थिरावल्याची खात्री करून घेतलेली गर्भधारणा. यातला ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. एरवी दिवस गेल्याचे कळल्यावर डॉक्टरांकडे जायचे असते. इथे मात्र निदान सहा महिने अगोदर किडनीच्या डॉक्टरांना विचारायचे, मग गोळ्या बदलायच्या, आणि त्या अंगवळणी पडल्यावर मुलाचा विचार करायचा. क्रम उलटला की गुंतागुंत सुरू होते.

किडनी निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या बाईची पाळी बहुधा अनियमित होते किंवा बंदच पडते. नवे मूत्रपिंड काम करू लागले की काही महिन्यांतच, कधी तर एक-दोन महिन्यांत, बीज तयार होऊ लागते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार’ हा हिशोब इथे चुकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवतानाच गर्भनिरोधाचे बोलणे व्हायला हवे. ते पुष्कळदा होत नाही, कारण सोबत सासरे किंवा दीर उभे असतात आणि बाई खाली मान घालून असते. तांबी किंवा प्रोजेस्टेरॉनवर आधारलेली साधने बहुतेकींना चालतात.

अशा गर्भधारणेचा इतिहास प्रत्यारोपणाच्या इतिहासाला लागूनच आहे. पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी दोन जुळ्या भावांमध्ये झाले. १९५६ साली तिथेच एडिथ हेल्म हिला तिच्या जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसवण्यात आले आणि मार्च १९५८ मध्ये तिला मुलगा झाला. तिची गोष्ट आजही सांगितली जाते, पण गोळ्यांच्या बाबतीत ती फारशी उपयोगाची नाही. एकसारख्या जुळ्या बहिणीचा अवयव असल्याने शरीराने तो परका मानलाच नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तिला घ्यावी लागली नाहीत. आजच्या बाईचा सगळा प्रश्न त्याच औषधांभोवती फिरतो. भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ पासून होऊ लागले. अमेरिकेत अशा गर्भधारणांची नोंद ठेवणारी नोंदवही १९९१ साली सुरू झाली, आणि कोणते औषध गर्भाला घातक, कोणते चालण्याजोगे, हे बरेचसे तिच्यातून उमगले.

कधी चालते

शस्त्रक्रियेनंतर निदान एक वर्ष जावे, असे अमेरिकी तज्ज्ञांचे मत आहे. युरोपात दोन वर्षे थांबायला सांगण्याकडे कल असतो. गेल्या वर्षभरात रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी मानून नाकारणे, झालेले नसावे, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत आणि स्थिर असावे, लघवीतून दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने जात नसावीत, रक्तदाब आटोक्यात असावा आणि अंगात संसर्ग नसावा. क्रिएटिनिन याहून वर असेल तर बसवलेले मूत्रपिंडच बाळंतपणात गमावण्याचा धोका वाढतो. हे स्पष्ट सांगणारा डॉक्टर कठोर वाटतो, पण खरे बोलतो. रुबेलाची लस प्रत्यारोपणाच्या आधीच घ्यायची असते. नंतर जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. आनुवंशिक आजाराने किडनी गेली असेल, उदाहरणार्थ मूत्रपिंडात गाठी होण्याच्या आजाराने, तर तो मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असू शकते. तेही आधीच बोलून घ्यावे.

जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित आकडे धीर देणारे आहेत, पण निष्काळजी राहण्याइतके नाहीत. साधारण चारपैकी तीन गर्भधारणांत जिवंत मूल हाती येते. जवळपास निम्मी मुले वेळेआधी जन्मतात, सरासरी जन्म पस्तिसाव्या-छत्तिसाव्या आठवड्यात होतो आणि सरासरी वजन २,४०० ग्रॅमच्या आसपास भरते. चारातल्या एकीला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब चढून लघवीतून प्रथिने जाण्याचा त्रास होतो. सर्वसाधारण गरोदर बायकांपेक्षा हे प्रमाण कितीतरी अधिक आहे.

गोळ्या : बदलायच्या की थांबवायच्या

बहुतेक रुग्णांच्या डब्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या तीन गोळ्या असतात : टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. त्यांतली मधली काढायची असते. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. ते चालू असताना दिवस राहिले तर जवळजवळ निम्म्या गर्भधारणा पडतात, आणि जगलेल्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात कानाची पाळी न बनणे, दुभंगलेले ओठ-टाळू, हृदयातले दोष अशी व्यंगे दिसली आहेत. म्हणून गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी ते बंद करून त्याजागी अ‍ॅझाथायोप्रिन देतात. सहा आठवडे ही किमान मुदत आहे. शहाणे डॉक्टर बदलानंतर तीन ते सहा महिने क्रिएटिनिन बघत राहतात, आणि नवी गोळी किडनी सांभाळते आहे असे दिसल्यावरच ‘आता हरकत नाही’ म्हणतात. सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस ही त्याच कामाची दुसरी औषधे चालू असतील तर तीही आधीच बदलतात.

अ‍ॅझाथायोप्रिन हे जुने औषध. ते घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल मिळाले. १९९० च्या दशकात मायकोफेनोलेट आल्यावर ते मागे पडले, पण गर्भारपणासाठी पुन्हा त्यालाच हाक मारावी लागते. त्याचाही एक काच आहे. काही माणसांत जन्मतःच ते पचवण्याची शक्ती कमी असते आणि पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. आशियाई लोकांत, त्यात भारतीयांतही, अशी जनुकीय ठेवण वारंवार आढळते. सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी करतात ती यासाठी. बाईचे केस अचानक पुंजक्याने गळू लागले तर तो याच त्रासाचा इशारा असू शकतो, कोंड्याचा किंवा विहिरीच्या पाण्याचा दोष समजू नये. युरिक अ‍ॅसिडसाठी दिलेली अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबक्सोस्टॅट ही गोळी अ‍ॅझाथायोप्रिनसोबत घेतली तर अस्थिमज्जा धोक्यात येते.

टॅक्रोलिमस (किंवा त्याऐवजी काहींना दिलेले सायक्लोस्पोरिन) आणि प्रेडनिसोलोन चालू ठेवतात. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या गोळ्या बदलून लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देतात, कारण आधीच्या गोळ्या गर्भाच्या किडनीची वाढ खुंटवतात. कोलेस्टेरॉलची गोळी बहुधा थांबवतात. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून, आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात.

सगळ्यांत मोठी चूक औषधबदलाची नसते, औषध सोडण्याची असते. न ठरवता दिवस राहतात, घरात कळते, आणि कुणीतरी वडीलधारी म्हणते, ‘इतक्या गरम गोळ्या पोटुशीपणी कशाला?’ बाईही घाबरलेली असते. ती मायकोफेनोलेट सोडते, आणि सोबत टॅक्रोलिमसही. मग रिजेक्शनला फार दिवस लागत नाहीत. अशा वेळी एकही गोळी स्वतःच्या मनाने न सोडता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा असतो.

नवऱ्याची किडनी बदललेली असेल तर प्रश्न बराच सोपा आहे. सिरोलिमसने शुक्रजंतू कमी होतात. मायकोफेनोलेटने बापाकडून गर्भाला अपाय झाल्याचा पुरावा मिळालेला नाही, तरी औषधाच्या माहितीपत्रकात सावधगिरीची सूचना असते.

लेव्हल आणि रात्रीची गाडी

गर्भारपणात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी उतरते, कारण रक्त पातळ होते आणि यकृत औषध जास्त वेगाने पचवते. मात्रा पुष्कळदा पाव हिश्शाने वाढवावी लागते, काहींना त्याहून अधिक. किती वाढवावी यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, कारण मोजलेली पातळी घसरली तरी रक्तातले मोकळे, प्रत्यक्ष काम करणारे औषध तितके घसरत नाही. त्यामुळे ‘लेव्हल’ वरचेवर करावी लागते, सुरुवातीला महिन्यातून एकदा-दोनदा आणि शेवटी शेवटी दर आठवड्याला.

कोकणात खरी अडचण इथे आहे. गावात आशाताई असते, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय असते, पण प्रत्यारोपण केंद्रे मुंबई-पुण्यात. सिंधुदुर्गातली माणसे कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ताही धरतात. सावंतवाडीहून संध्याकाळी निघणारी तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला पोचते. रात्री नऊची गोळी बाईने गाडीतच घेतलेली असते. सकाळची गोळी पर्समधल्या छोट्या डबीत असते आणि ती तशीच राहिली पाहिजे, कारण लेव्हलचे रक्त पुढची गोळी घेण्याआधी काढायचे असते, आधीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. स्टेशनवर चहासोबत सवयीने गोळी गेली की अहवालात आकडा फुगलेला येतो, डॉक्टर मात्रा कमी करतात आणि किडनी उघडी पडते. म्हणून नऊला रक्त, मग गोळी. नमुन्याच्या चिठ्ठीवर आदल्या गोळीची वेळ लिहून घ्यावी. तालुक्यातले कलेक्शन सेंटर नमुना मुंबईला पाठवत असेल तर दर वेळी गाडीत बसावे लागत नाही. ही सोय केंद्राशी बोलून आधीच लावून ठेवलेली बरी, विशेषतः कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू झाले आणि घाटात दरड कोसळू लागली की.

दर महिन्याला लघवीचे कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करतात, कारण लघवीचा संसर्ग या बायकांना वारंवार होतो आणि कधी कधी मुळीच न जळजळता होतो. क्रिएटिनिन वाचतानाही एक खुबी आहे : निरोगी गर्भारपणात ते उतरते. त्यामुळे पूर्वीइतकेच राहिले तरी विचारावे, आणि वाढले तर रिजेक्शन की प्रीएक्लॅम्प्सिया हे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही सोपे नसते.

शहाळे, पपनस आणि पाऊस

पोटुशी बाईला शहाळे देण्याची किनारपट्टीवरची रीत चांगल्या हेतूची आहे. पण टॅक्रोलिमसने रक्तातले पोटॅशियम वाढते आणि शहाळ्याच्या पाण्यात ते भरपूर असते. रोजचे शहाळे पोटॅशियमचा अहवाल पाहूनच. पपनसाचे तर नावच काढू नये. परसातले हे लिंबूवर्गीय फळ ग्रेपफ्रूटच्या जातकुळीतले आहे, आणि त्यातली द्रव्ये टॅक्रोलिमस पचवणाऱ्या विकराला अडवून पातळी एकदम चढवतात. श्रावण-भाद्रपदात घरोघरी फिरणाऱ्या फोडींतली एक खाल्ली तर काय होते, असा प्रश्न येतोच. एका फोडीने काय होईल ते सांगता येत नाही, म्हणूनच ती नको. सुके बांगडे, खारा बोंबील, लोणचे यांनी रक्तदाब वाढतो. कालवे, तिसऱ्या, खेकडे पूर्ण शिजवलेले असावेत. आमसुलाच्या कढीला हरकत नाही, नारळाचे दूध बेताने.

लावणीच्या दिवसांत खाचरात उतरू नये. चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस सिंधुदुर्ग-रत्नागिरीला नवा नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या बाईच्या किडनीला तो परवडणारा नाही. शेतात उतरणाऱ्यांना प्रतिबंधासाठी जी डॉक्सिसायक्लिनची गोळी वाटतात ती गर्भारपणात टाळतात, म्हणजे ढालही हाती नसते. ताप आला तर दुकानातून प्रतिजैविक आणून खाऊ नये : क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधे टॅक्रोलिमसची पातळी भडकवतात, तर क्षयावरचे रिफाम्पिसिन ती पार तळाला नेते.

बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत इथे मोडावी लागते. शेवटचे दोन-अडीच महिने नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाजवळ राहावे. डोंबिवली-विरारला कुणी ना कुणी नातलग असतोच, ही कोकणी माणसाची जुनी सोय उपयोगी पडते. पुष्कळदा किडनी देणारी आईच असते. लेकीचे करायला येणाऱ्या त्या आईलाही एकच मूत्रपिंड आहे, हे घराने विसरू नये. ओटी भरायला कुणाचीच हरकत नसते, फक्त गर्दीत खोकणारे दूर बसवावेत.

सिझेरियन किडनीमुळे आपोआप ठरत नाही. बसवलेले मूत्रपिंड सहसा बाळाच्या वाटेत येत नाही, नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. तरी प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक बायकांचे सिझेरियन होते. छेद घेताना नव्या मूत्रवाहिनीला धक्का लागू नये म्हणून प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेचा कागद फाइलमध्ये वरच ठेवावा. रोज प्रेडनिसोलोन घेणाऱ्या बाईला कळांच्या वेळी स्टेरॉइडची वाढीव मात्रा लागू शकते. टाके दुखतात म्हणून सवयीने दिले जाणारे डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन तिला देऊ नये. पॅरासिटामॉल चालते.

टॅक्रोलिमस, अ‍ॅझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन चालू असताना अंगावर पाजता येते. दुधात उतरणारे औषध अगदी थोडे असते. प्रसूतीनंतर टॅक्रोलिमसची वाढवलेली मात्रा लगेच जास्त ठरू लागते, म्हणून पहिल्या आठवड्यातच लेव्हल करून ती उतरवतात. अळीव, डिंकाचे लाडू बेताने खावेत. बाळंतकाढा मात्र नको, त्यात काय काय आहे ते बाटलीवर वाचून कळत नाही आणि ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो. पाजणे थांबल्यावर मायकोफेनोलेट पुन्हा सुरू करतात, आणि ते सुरू होण्याआधी तांबी बसवलेली असावी लागते.